तिसऱ्यांदा जबाबासाठी बोलावले आहे : जावे की न जावे?

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत रोखपाल आहे. तिजोरीतील रोकड चोरीला गेल्याचा गुन्हा नोंद झाल्यावर पोलिसांनी मला साक्षीदार म्हणून दोनदा ठाण्यात बोलावले. पहिल्यांदा अर्ध्या तासात सोडले. दुसऱ्यांदा सुमारे सहा तास बसवून ठेवले आणि "तुमच्या सहकाऱ्याने सगळे सांगितले आहे, तुम्हीही कबूल करा, तुम्हाला माफीचा साक्षीदार करू" असे सांगितले. शेवटी थकून मी "तिजोरी उघडी राहिली असेल कदाचित" असे बोललो आणि न वाचता एका कागदावर सही केली. आता कुलूप लावल्याची माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे. परत येण्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे. न गेल्यास काय होईल? वकील सोबत नेता येईल का?

उत्तर : आपल्याला सर्वाधिक धास्ती त्या सहीची वाटते आहे, पण मला आपले शेवटून चौथे वाक्य अधिक चिंताजनक वाटते. ज्या गोष्टीची पहिल्या दिवशी आपल्याला खात्री होती, तिच्याबद्दल सहा तासांच्या प्रश्नांनंतर शंका निर्माण झाली असेल, तर त्या प्रश्नांनी आपल्या आठवणीला धक्का लावला असण्याची शक्यता मोठी आहे. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी मोटारींच्या अपघाताचे चित्रण दाखवून प्रेक्षकांना वेग विचारला, तेव्हा प्रश्नातले फक्त क्रियापद बदलल्याने उत्तरांची सरासरी ताशी सुमारे ३२ मैलांवरून सुमारे ४१ मैलांपर्यंत गेली. एका शब्दाने एवढा फरक पडतो, तर "उघडी राहिली असेल ना?" हे वाक्य वीस वेळा ऐकल्यावर काय होत असेल, याचा विचार करावा.

म्हणून आजच, कोणाशीही चर्चा न करता, त्या दिवसाचा घटनाक्रम स्वतःच्या हाताने लिहून काढा. जे स्वतः पाहिले किंवा केले ते एका बाजूला, जे पोलिसांकडून किंवा इतरांकडून ऐकले ते दुसऱ्या बाजूला, आणि जो आपला निव्वळ तर्क आहे तो वेगळा लिहा. हा कागद फक्त आपल्या वकिलांना द्या. सहकाऱ्यांशी जबाब जुळवून घेण्याचा मोह कटाक्षाने टाळा, कारण निरपराध माणसाचीही तशी बोलणी पुढे साक्षीदार फोडल्यासारखी दिसतात.

आता सहीविषयी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १८१ प्रमाणे तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, आणि असा जबाब खटल्यात मुख्यतः साक्षीदाराच्या विसंगती दाखवण्यापुरता वापरता येतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा : पोलिसांच्या ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढा भाग ग्राह्य ठरतो. म्हणून आपण सही केलेला कागद जबाब होता, पंचनामा होता की कोरा होता, हे आठवून वकिलांना नेमके सांगा. जबाब असेल तर फार काळजीचे कारण नाही, मात्र बाकीच्या दोन शक्यतांत ताबडतोब लेखी हरकत नोंदवावी लागेल.

"सहकाऱ्याने सगळे सांगितले" हे खरे असेल किंवा आपल्याला बोलते करण्यासाठी टाकलेला खडा असेल. तेथे बसून ते पडताळण्याचे कोणतेही साधन आपल्याजवळ नाही, त्यामुळे त्यावर विसंबून एक शब्दही बोलू नये. माफीचा साक्षीदार करण्याचे आश्वासन मात्र पोलिसांना देताच येत नाही. ती माफी नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची कलमेही तिचीच) कलम ३४३ खाली न्यायदंडाधिकारी देतात, आणि कलम १८२ तपासी अधिकाऱ्याला धमकी, आमिष किंवा वचन देण्यास स्पष्ट मनाई करते. सगळेच अधिकारी असे वागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आपली पहिली अर्ध्या तासाची भेट बहुधा मोकळ्या प्रश्नांची होती, आणि तपासाला खरा उपयोग तशाच जबाबांचा होतो.

बोलावल्यावर न जाणे हा पर्याय मी सुचवणार नाही, कारण गैरहजेरीतून नवा संशय आणि नवा गुन्हा दोन्ही उभे राहू शकतात. पण कोणत्या नात्याने बोलावले आहे, हे आधी लेखी विचारा. साक्षीदार म्हणून असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश हवा. महिला आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना तर राहत्या जागेबाहेर येण्याची सक्तीच करता येत नाही. संशयित म्हणून असेल तर कलम ३५(३) ची नोटीस हवी, आणि अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. ही नोटीस मिळणे वाटते तितके वाईट नाही : तिचे पालन करणाऱ्याला, कारणे नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही.

ठाण्यात वकील सोबत न्या. अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान वकिलांना भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, संपूर्ण चौकशीभर मात्र नाही. अटक न झालेल्यासाठी असे थेट कलम नाही, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यातील निकालाचा आधार घेऊन वकिलांना जवळ बसू देण्याची लेखी विनंती करता येते. आत गेल्यावर विचारलेला प्रश्न पूर्ण ऐका, जे माहीत आहे ते खरे सांगा, जे आठवत नाही तेथे "आठवत नाही" एवढेच म्हणा आणि "असेल", "शक्य आहे" हे शब्द वापरूच नका. कलम १८० प्रमाणे खरे उत्तर देणे बंधनकारक असले, तरी ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो ते देण्याची सक्ती नाही. "या प्रश्नाचे उत्तर वकिलांशी बोलून देईन" असे शांतपणे सांगता येते. जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची विनंतीही करा, ती तरतूद याच कलमात आहे.

जाण्यापूर्वी पोलीस निरीक्षकांना, आणि प्रत वरिष्ठ अधिकाऱ्यांना, स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा. त्यात दुसऱ्या भेटीची तारीख आणि येण्याजाण्याची वेळ द्या, "उघडी राहिली असेल" हे वाक्य थकव्यात निघाले असून ती आपली आठवण नव्हे असे नमूद करा, कागद न वाचता सही केल्याचे लिहा आणि त्या दिवसाचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. ठाण्यांतील चित्रण किमान एक वर्ष ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२० चे आदेश आहेत, पण मागणी जितकी लवकर तितकी ती परिणामकारक. प्रथम खबरी अहवालाची प्रतही मिळवा. त्यात आपले नाव किंवा आपल्याकडे बोट दाखवणारा मजकूर आढळला, तर तिसऱ्या भेटीची वाट न पाहता कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करावा.