परतीची तारीख का मिळत नाही?
क्रीडावैद्यक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतली बेसबॉल लीग बघतो. त्याच्या आवडत्या कॅचरला (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याला) डोक्याला चेंडू लागला म्हणून जायबंदी खेळाडूंच्या सात दिवसांच्या यादीत टाकलं. तीन आठवडे झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे म्हणतात, तरी संघ तारीख सांगत नाही. हाड मोडलं तर डॉक्टर 'सहा आठवडे' सांगून मोकळे होतात. इथं काय अडलंय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : हाड जुळलं की एक्स-रेवर दिसतं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, सीटीत दिसत नाही. सीटी काढतात ती रक्तस्राव नाही ना, कवटीला तडा नाही ना, एवढ्यासाठी. कन्कशनमध्ये मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. हेल्मेटमुळे कवटी वाचते, हिंदकळणं थांबत नाही.

सात दिवसांची ती यादी २०११ पासून आहे. तोवर जायबंदी खेळाडूला किमान १५ दिवस बाहेर ठेवावं लागे, म्हणून 'बघू दोन दिवस' करत त्याला संघातच ठेवण्याचा मोह होई. सात दिवस याचा अर्थ त्याआधी खेळवायचं नाही. आठव्या दिवशी तो उतरेलच, असं कुणी म्हटलेलं नाही. शिवाय संघाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरी लीगच्या वैद्यकीय संचालकांची मंजुरी लागते.

अंदाज किती चुकतो ते बघा. मिनेसोटा ट्विन्सचा जस्टिन मॉर्नो ७ जुलै २०१० ला टोरांटोत दुसऱ्या बेसवर घसरत गेला आणि क्षेत्ररक्षकाचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला. त्या वेळी त्याची फलंदाजीची सरासरी .३४५ होती. तो मोसम तिथंच संपला, पुढच्या वर्षीही त्रास चालूच राहिला. मग २०१४ मध्ये त्यानेच कोलोरॅडोकडून .३१९ सरासरीने नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक काढला. त्याच ट्विन्सचा कॅचर जो मॉअर ऑगस्ट २०१३ मध्ये फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू) लागून बाहेर गेला. तो परतला, पण कॅचर म्हणून नाही. २०१४ पासून तो पहिल्या बेसवर उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर माइक मॅथेनी याला मात्र अशाच माऱ्यांनंतर २००७ मध्ये निवृत्ती घ्यावी लागली.

अडचण बहुतेकदा डोळे आणि तोल यांच्या मेळात असते. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात बॅटरपाशी येतो. घरात ठणठणीत वाटणारा खेळाडू वेगवान चेंडूचा सराव करतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. मग पुन्हा एक पायरी खाली. तारीख सरकते ती अशी.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर, वय १६. मास्कवर फाउल टिप बसली. विचारलं तर म्हणे, 'काही नई व्हयनं, सर.' डाव पूर्ण खेळली. संध्याकाळी एक उलटी, मग डोकं जड. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. आज तिसरा दिवस. तेरा दिवसांनी निवड चाचणी आहे. तिला कसं तयार करायचं?
— क्रीडाशिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, आधी चाचणीचं. या वयात चार आठवडे लागणं नेहमीचंच आहे, तेव्हा तेरा दिवस धरून चालू नका. निवड समितीला डॉक्टरांच्या कागदासह आजच लेखी कळवा. चाचणी बुडेल या धास्तीने मुली त्रास लपवतात. 'काही नई व्हयनं' हे उत्तर निवडीच्या दिवसांत तर कधीच खरं धरू नका. संशय आला त्याच मिनिटाला बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायचीही गरज नाही. पहिले २४ ते ४८ तास घरातली हलकी हालचाल चालते, मोबाइल कमीत कमी. नंतर घराबाहेर चालणं. शाळा आधी, खेळ नंतर : पूर्ण दिवस वर्गात बसून फळ्यावरचं उतरवताना डोकं दुखत नाही, तोवर पूर्ण सराव नाही.

व्यायाम नाडीवर मोजा. २२० वजा १६ म्हणजे २०४. पहिल्यांदा त्याच्या ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १५ सेकंदांत २८ ठोके. जागेवरची सायकल किंवा भरभर चालणं, १५-२० मिनिटं. ते झेपलं तर ७० टक्के, १५ सेकंदांत ३६ ठोके. तिच्याकडून वहीत डोकेदुखी, गरगर, मळमळ यांना ० ते १० गुण लिहून घ्या : सरावाआधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. व्यायामाने आकडा दोनपेक्षा जास्त चढला किंवा तासाभरात उतरला नाही, तर त्या दिवशी थांबा आणि उद्या पुन्हा करून बघा. सकाळचा आकडा फार महत्त्वाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४ वर जातो, पाणी कमी पडूनही डोकं दुखतं आणि दोन्हींची गल्लत होते. म्हणून सराव सकाळी साडेसहालाच उरका.

पुढची पायरी एकटीने धावणं आणि भिंतीवर फेकी. डोक्याला काही लागेल असं काहीही नको. त्यापुढच्या पायऱ्या सगळी लक्षणं गेल्यावरच, आणि दोन पायऱ्यांत निदान २४ तास. चेंडू टीवर (उभ्या दांडीवर) ठेवून फटके, मग समोरून हळू टाकलेले चेंडू, मग कॅचरचं काम, पण समोर बॅटर नाही. इथं घाई नडते. कॅचर एका डावात कितीदा उकिडवी बसते-उठते! त्याहून अवघड उंच उडालेला चेंडू : मास्क भिरकावायचा, मान मागे टाकून गर्रकन वळायचं, नजर आभाळात. हे दहादा करून गरगरलं नाही, तर डॉक्टरांचा लेखी होकार घ्या आणि मगच बॅट फिरत असताना तिला मागे बसवा. शेवटी सामना. कुठंही लक्षण परतलं तर एक पायरी खाली.

मधे एक सोपी पाहणी. पेनाचं टोक हातभर अंतरावरून तिच्या नाकाकडे आणा. एकाची दोन टोकं नाकापासून पाच सेंटिमीटरपेक्षा लांबच दिसू लागली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मान दुखत असेल तर फिजिओथेरपिस्ट. पुष्कळदा डोकेदुखीचं मूळ तिथंच निघतं. सरावाआधी डोकेदुखीची गोळी मुळीच नको, सगळे आकडे खोटे पडतात. आणि मास्क बघा : आतली गादी दबली असेल किंवा पट्टा सैल असेल तर बदला. तडा गेलेलं हेल्मेट चिकटपट्टी लावून ज्युनिअरला देऊ नका, तोडूनच टाका.

प्रश्न : डोक्याला मार लागला की झोपू द्यायचं नाही, असं सासूबाई म्हणतात. मुलाला रात्रभर जागवलं. बरोबर केलं का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, मेंदूला झोप लागतेच. मात्र पहिल्या रात्री जवळ कुणीतरी असावं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा, दोन दोन दिसणं, मानेत कळ, बरळणं किंवा हलवूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. पहिल्या दिवशी दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडेच ठेवा.