वाचकांचे प्रश्न : समुद्रातली इवलीशी हिरवी शैवालं

प्रश्न : ‘ऑस्ट्रिओकॉकस’ हे हिरवं शैवाल जगातल्या सर्वांत लहान दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) जीवांपैकी एक आहे, असं वाचलं. आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राचं पाणी ठेवलं तर ते दिसेल का? (एक विद्यार्थिनी, अलिबाग)

दिसेल, पण ओळखता येणार नाही. ऑस्ट्रिओकॉकसची पेशी जेमतेम ०.८ ते १ मायक्रोमीटरची, म्हणजे जिवाणूच्या मापाची. शंभरच्या भिंगाखाली तेल घालून पाहिलं तरी एक फिकट ठिपका दिसतो, बस. तिला शेपूट नाही, भिंत नाही, खवले नाहीत. आत मात्र संसार पूर्ण आहे: एक केंद्रक, एक हरितलवक, एक तंतुकणिका, सगळं एकेकच.

तिच्या भाऊबंदांपैकी मायक्रोमोनासला एक कशाभिका, म्हणजे शेपटासारखा धागा, असते. ताज्या थेंबात त्याची पेशी झटके देत पळते, त्यावरून अंदाज बांधता येतो. बॅथिकॉकसच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेले खवले असतात, पण ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. हे तिघेही मामिएलोफायसी या वर्गातले.

कॉलेजात प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक असेल तर तो वापरा. निळ्या प्रकाशात या पेशींमधलं हरितद्रव्य लालभडक चमकतं, तर त्याच आकाराचे सिनेकोकॉकस जिवाणू नारिंगी दिसतात. हिरवी शैवालं आणि हे जिवाणू यांतला फरक तेवढ्यावर कळतो. लाल ठिपका नेमका कोणत्या प्रजातीचा, हे मात्र डीएनएच सांगतो.

ऑस्ट्रिओकॉकस सापडलं तेही सूक्ष्मदर्शकात नव्हे. १९९४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या थो या खाजणात ते फ्लो सायटोमीटरने पकडलं. या यंत्रात पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात आणि त्यांच्या चमकेवरून मोजल्या जातात. थो खाजणात कालवांची मोठी शेती चालते. कालवाचे कल्ले मोठी प्लवकं अडवतात, पण एवढी लहान पेशी त्यांतून सहज निसटते. नावातलं ‘ऑस्ट्रिओ’ हे कालवांवरूनच आलं आहे.

प्रश्न : आमच्या विभागाला वर्षभर दर महिन्याला किनाऱ्याचं पाणी गोळा करून या शैवालांचा डीएनए वाचायचा आहे. पद्धत आणि काळजी सविस्तर सांगाल का? (एक प्राध्यापक, रत्नागिरी)

सुरुवात पाण्यापासून. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, भरती पूर्ण भरल्यावर पाणी घ्या. उधाणाच्या ओहोटीला खाडीतला गाळ बाहेर येतो आणि फिल्टर पाच मिनिटांत तुंबतो. दर महिन्याला तीच जागा आणि भरतीची तीच अवस्था ठेवा. नाहीतर ऋतूचा फरक कुठला आणि खाडीचा कुठला, हे शेवटी कुणालाच सांगता येणार नाही. कॅन आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, जागेवर गेल्यावर त्याच समुद्राच्या पाण्याने तीनदा विसळा. पृष्ठभागाखाली एक मीटरवरून भरा. कॅन काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवा आणि दोन तासांच्या आत गाळायला घ्या. कॅनमध्ये शैवालांबरोबर त्यांना खाणारे एकपेशीय जीवही असतात, त्यांचं खाणं काही थांबलेलं नसतं.

गाळणं तीन पायऱ्यांत करा. पहिली २०० मायक्रोमीटरची जाळी, यातून पाणी फक्त स्वतःच्या वजनाने जाऊ द्या. मग ३ मायक्रोमीटरचं ४७ मिलिमीटर व्यासाचं पॉलिकार्बोनेट फिल्टर. शेवटी ०.२२ मायक्रोमीटरचं. निर्वात पंप वापरत असाल तर ओढ पाऱ्याच्या १५० मिलिमीटरपुढे नेऊ नका. मायक्रोमोनास आणि ऑस्ट्रिओकॉकस उघड्या अंगाचे आहेत. ओढ वाढली की पेशी फुटते आणि डीएनए पाण्याबरोबर खाली वाहून जातो. उलट बाजूने, डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या मोठ्या पेशी ३ मायक्रोमीटरच्या फिल्टरवर चिरडल्या जातात आणि त्यांचा डीएनए बारीक फिल्टरवर येऊन बसतो. निकालात मग बारीक गटात मोठे जीव दिसतात आणि गाळणी चुकल्याचा संशयही कुणाला येत नाही.

स्वच्छ पाणी एक ते दोन लिटर गाळलं जाईल. खाडीच्या तोंडाशी ३०० ते ५०० मिलिलिटरमध्येच धार मंदावेल. तिथे थांबा, ओढ वाढवू नका. किती गाळलं ते नळीवर लिहा, ही नोंद राहून गेली तर पुढची तुलना लंगडी पडते. शेवटचं फिल्टर ०.८ मायक्रोमीटरचं चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालणार नाही, कारण ऑस्ट्रिओकॉकस त्यातून पार होतं. जगभरच्या समुद्रांतली प्लवकं गोळा करणाऱ्या तारा ओशन्स मोहिमेत एकपेशीयांचा एक महत्त्वाचा गट ०.८ ते ५ मायक्रोमीटरचा होता. त्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहताना एवढं लक्षात ठेवा.

फिल्टर लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा उणे ८० अंशांवर ठेवा. दर फेरीला एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी याच सगळ्या भांड्यांतून गाळून कोरा नमुना घ्या आणि तो शेवटपर्यंत सोबत न्या. पेशी मोजण्यासाठी वेगळं दीड मिलिलिटर पाणी काढा, त्यात अंतिम प्रमाण ०.२५ टक्के होईल एवढं ग्लुटराल्डिहाइड घाला, १५ मिनिटं अंधारात ठेवून गोठवा. लुगोलचं आयोडीन इथे वापरू नका, त्याने हरितद्रव्याची चमक मारली जाते आणि सायटोमीटरला काहीच दिसत नाही.

डीएनए काढताना बारीक मणी घालून हलवण्याची पायरी गाळू नका. उघड्या पेशी साबणी द्रावणातच फुटतात, पण पिकोक्लोरमसारख्या हिरव्या शैवालाची भिंत चिवट असते. मणी नसतील तर ते निकालातून गायब होतं.

कांदळवनाजवळच्या पाण्यात पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी) फसला की बहुतेक जण डीएनए कमी पडला असं समजून तो आणखी घालतात. त्याने बिघडतंच. दोष कुजलेल्या पानांतून येणाऱ्या ह्युमिक पदार्थांचा असतो, ते डीएनएबरोबर येतात आणि प्रती काढणाऱ्या विकराला अडवतात. नमुना दहापट पातळ करा आणि मिश्रणाच्या दर मायक्रोलिटरला ०.४ मायक्रोग्रॅम बीएसए हे प्रथिन घाला. पीसीआरची आवर्तनं २५ ते ३० ठेवा. त्यापुढे अर्धवट तुकडे एकमेकांना जोडले जाऊन समुद्रात नसलेल्या ‘नव्या जाती’ जन्माला येतात.

जात ओळखायला वाचतात तो १८एस जनुकाचा व्ही४ खंड प्रायमरसकट (पीसीआरसाठी टोकांना लावलेल्या छोट्या तुकड्यांसकट) साधारण ४२० अक्षरांचा आहे. दोन्ही बाजूंनी २५० अक्षरं वाचली तर मधली ८० अक्षरं एकमेकांवर येतात. टोकाची खराब अक्षरं छाटताना दोन्हीकडची मिळून ७० हून जास्त गेली, तर जोड्याच जुळत नाहीत आणि बहुतेक वाचनं फुकट जातात. नावं लावायला एकपेशीयांसाठीच जोपासलेला पीआर२ हा संदर्भ-अनुक्रमांचा संच घ्या.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या अहवालात डायनोफ्लॅजेलेट ७० टक्के आणि मामिएलोफायसी ४ टक्के आले. हिरवी शैवालं इतकी कमी? (एक वाचक, पणजी)

ते टक्के वाचनांचे, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनए तुकड्यांचे आहेत, पेशींचे नाहीत. मामिएलोफायसीच्या पेशीत १८एस जनुकाच्या मोजक्याच प्रती असतात, तर डायनोफ्लॅजेलेटच्या पेशीत त्या हजारोंच्या घरात जाऊ शकतात. एका मोठ्या पेशीने शेकडो लहान पेशींना झाकून टाकावं, असा हा हिशेब. त्यामुळे फक्त हिरव्या शैवालांची वाचनं बाजूला काढा, त्यांचे आपसांतले टक्के मांडा आणि तेच वेगवेगळ्या ठिकाणांत, महिन्यांत ताडून बघा. पेशींची खरी संख्या हवी असेल तर सायटोमीटरच लागतो.

प्रश्न : एकच प्रजाती ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत आढळते असं जुन्या पुस्तकांत आहे. जनुकं वाचल्यावरही तेच दिसतं का? (जैवमाहितीशास्त्राचा एक विद्यार्थी, पुणे)

नाही, आणि आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोठा बदल हाच. मायक्रोमोनास पुसिला हे एकच नाव दशकानुदशकं सगळीकडे लावलं गेलं. २००९ मध्ये त्याच्या दोन वाणांचे जीनोम वाचले, तेव्हा त्यांची सुमारे ९० टक्केच जनुकं सामाईक निघाली. त्यांतल्या एकाचं नाव पुढे मायक्रोमोनास कमोडा झालं. आर्क्टिकमधलं मायक्रोमोनास पोलारिस तर थंडीतच फोफावतं, आपल्या पाण्यात ते तगणार नाही. ऑस्ट्रिओकॉकसचीही तशीच गत. थोमधलं ऑस्ट्रिओकॉकस टॉरी उथळ खाजणातलं, तर एक वाण उष्णकटिबंधीय अटलांटिकमध्ये १०५ मीटर खोलीवरून मिळाला. २०१४ च्या ‘ओशन सॅम्पलिंग डे’ला जगभरच्या किनाऱ्यांवरून २१ जूनच्या आसपास एकाच वेळी पाणी घेतलं होतं, त्यात याच वंशाची आधी ठाऊक नसलेली एक शाखा सापडली.

म्हणून अनुक्रम ९७ टक्के साम्यावर एकत्र बांधू नका. प्रायमर काढल्यावर उरणाऱ्या ३८० अक्षरांच्या खंडात ९७ टक्के म्हणजे ११ फरकांना माफी, आणि या शाखांमध्ये तर मोजक्याच अक्षरांचा फरक असतो. प्रत्येक वेगळा अनुक्रम वेगळा ठेवा.

तेवढ्यानेही भागत नाही, हे बॅथिकॉकसने दाखवलं. बॅथिकॉकस प्रासिनोसचा दीड कोटी अक्षरांचा जीनोम २०१२ मध्ये आला. २०१६ मध्ये दुसरा आला, तारा मोहिमेने आपल्याच अरबी समुद्रातून घेतलेल्या सुट्या पेशींमधून काढलेला. दोन्ही जीनोम एकमेकांपासून स्पष्ट वेगळे, पण १८एस जनुक अक्षरशः सारखं! आणि समुद्रात ते दोघे क्वचितच एकत्र सापडतात, खोलीप्रमाणे त्यांची राहण्याची जागा वेगळी. व्ही४ वाचून ‘बॅथिकॉकस सगळीकडे आहे’ असं लिहिणारा चुकीचं लिहीत नाही, पण दोन रहिवाशांना एक समजतो. त्यांना वेगळं करायचं तर १८एसच्या जवळचाच, पण वेगाने बदलणारा आयटीएस२ हा खंड वाचा. पश्चिम किनाऱ्यावर यांतलं कोणतं, कोणत्या महिन्यात आणि किती खोलीवर, हा कॉलेजांनी घ्यावा असा प्रश्न आहे.

प्रश्न : हिवाळ्यात समुद्र हिरवागार होतो आणि रात्री लाटा निळ्या चमकतात. ती हीच शैवालं का? (एक वाचक, मालवण)

नाही, ती नॉक्टिल्युका. गोल, पारदर्शक, खसखशीच्या दाण्यासारखी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. चमकते ती तीच. हिरवा रंग मात्र तिच्या पोटात पोहणाऱ्या हजारो इवल्या हिरव्या शैवालांचा, प्रोटोयुग्लिनाचा. तीही हिरवी शैवालंच, पण पेडिनोफायसी या दुसऱ्या वर्गातली.

रत्नागिरीच्या प्राध्यापकांनी हे उत्तर जरूर वाचावं. एक नॉक्टिल्युका गाळताना फुटली की तिच्या पोटातली सगळी प्रजा फिल्टरवर सांडते आणि त्या महिन्याची आकडेवारी हिरवी होऊन जाते. नॉक्टिल्युका पाण्यापेक्षा हलकी असते आणि वाऱ्याविना शांत दिवशी वर साय धरते. तशी साय दिसली तर बाटली बंद तोंडानेच खाली न्या आणि एक मीटरवर गेल्यावर उघडा.