गप्प बसलेल्या मुलाला गणित येत नाही, असं समजू नका

तुम्ही डिचोलीत पाचवीला नव्याने गणित घेताय, म्हणून आधीच सांगते. फळ्यासमोर मूल गोठतं तेव्हा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. हातचा, मधलं उत्तर, पुढची पायरी हे सगळं सोडवताना काही क्षण डोक्यात धरावं लागतं आणि तिथे जागा फार थोडी असते. 'चुकलं तर?' हा विचार तीच जागा अडवतो. ॲशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ च्या प्रयोगात हेच दिसलं: हातच्याची बेरीज करताना सोबत अक्षरं लक्षात ठेवायला लावली, की गणिताला घाबरणाऱ्यांच्या चुका जास्त वाढल्या.

म्हणून मधली प्रत्येक पायरी कागदावर उतरवून घ्या. घड्याळ लावून तोंडी हिशेब तर अजिबात नको.

आपल्या गोव्यात आणखी एक पेच आहे. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेली पोरं पाचवीत एकदम इंग्रजीत येतात. शाब्दिक उदाहरणाचं वाक्य उलगडण्यातच त्यांची अर्धी ताकद संपते. ते आधी घरच्या भाषेत सांगू द्या, मग आकडे. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही!

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली धास्ती लिहू दिली, तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारतात, असं रामिरेझ आणि बेलॉक या मानसशास्त्रज्ञांना २०११ मध्ये आढळलं. वरच्या इयत्तांच्या सराव परीक्षेला करून बघा. ते कागद मात्र वाचू नका, आणि तसं मुलांना आधीच सांगा.

पालकसभेत 'मलाही गणित कधी जमलं नाही' असं पोरासमोर म्हणणाऱ्या आईबाबांशी बाजूला घेऊन बोला.