पॅडलबोर्डवर उभ्याने वल्हवताना खांदा आणि कंबर दुखते. खेळ बंद करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, ब्रह्मपुरीकडचं गाव, घरची धानाची शेती. तीन आठवड्यांपासून हवा भरायच्या बोर्डवर उभं राहून तलावात वल्हवता. उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो, सकाळी कंबर आखडलेली असते. दोन महिन्यांनी कर्नाटकात मुल्कीला जाऊन हेच समुद्राच्या लाटांवर करायचं आहे. खेळ बंद करू का, तेल चोळू का आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू, असं विचारलंत.

खेळ कायमचा बंद करायची गरज बहुतेक पडणार नाही. पण आठ-दहा दिवस वल्हं हातात घेऊ नका. आणि तेल आता नको.

मी डॉक्टर नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या ढिवराच्या घरातला आहे. वडील आजही डोंग्यात उभे राहून जाळं टाकतात. चार वर्षांपूर्वी मित्राने नागपूरहून असा बोर्ड आणला. मच्छीमार संस्थेला विचारून आम्ही तो गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, उतरवला. पाणी ओळखीचं होतं, तोल लहानपणापासूनचा होता, म्हणून शिकायचं असं काही वाटलंच नाही. मे महिन्यात एका सकाळी वारा आडवा होता आणि बोर्ड सारखा एकाच अंगाला वळत होता, त्यामुळे दोन तास जवळजवळ एकाच बाजूने वल्हवत राहिलो. काठावर येऊन बोर्ड डोक्यावर घेतला आणि उजव्या खांद्यात चमक निघाली. हात कानापर्यंतही जाईना.

पुढचे तीन आठवडे मी जे जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून सांगतो. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मायेपोटी बिब्बा लावून दिला. कातडी भाजून फोड आले, आतलं दुखणं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मोहाच्या बियांच्या गरम तेलाने जोरात चोळून घेतलं, तर रात्री खांदा सुजला. मग घाबरून हात फडक्यात बांधला तो पंधरा दिवस सोडलाच नाही. सोडला तेव्हा दुखणं कमी होतं, पण खांदा इतका आखडला होता की सदरा घालता येईना.

गोंदियातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी तपासण्याआधी माझ्या हातात झाडूचा दांडा दिला आणि वल्हवून दाखवा म्हणाल्या. दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही सगळं हाताने ओढता. घरी येऊन हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "हात नोको मारू बाबू, आंग टाक." डोंग्यावर ते हेच पन्नास वर्षं करत आले आहेत.

तुमच्या खांद्याचं मूळही बहुतेक इथेच असेल. दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या उथळ वाटीत बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. ते धरून ठेवण्यासाठी आहेत, शेकडो वेळा पाणी ओढण्यासाठी नाहीत. ओढण्याचं काम पाठीच्या रुंद स्नायूंचं, पोटाच्या तिरप्या स्नायूंचं आणि नितंबांचं. ते कामाला लागले नाहीत की भार त्या चौघांवर येतो, आणि हात वर असताना त्यांना हाडाशी जोडणारी दोरी (कंडरा) खांद्याच्या हाडाखाली घासली जाते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच खेळातल्या दुखापतींची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात साधारण एक तृतीयांश दुखापती खांद्या-दंडाच्या होत्या, त्याखालोखाल कंबर, मग कोपर आणि पुढचा हात. तुमचं दुखणं काही जगावेगळं नाही.

आता वल्हवणं. खालचा हात जवळजवळ सरळ ठेवा. कमरेतून, म्हणजे मांडीच्या सांध्यातून, पुढे झुका. पाठीची कमान करू नका. पातं पायांच्या बरंच पुढे पाण्यात पूर्ण बुडवा. मग हात न वाकवता अंग मागे घ्या, वरच्या हाताने दांड्याची मूठ खाली दाबा आणि बोर्ड पात्यापर्यंत पुढे येतोय असं समजा. पातं पावलांजवळ आलं की बाहेर काढा. बहुतेक नवखे ते पार मागे नेतात. तिथे वेग वाढत नाही, पाणी फक्त वर उचललं जातं आणि खांदा मागे ताणला जातो. आठ-दहा फटक्यांनी बाजू बदला. वारा आडवा असेल तर गुडघ्यांवर बसा, आडवं वल्हवून काठ गाठा आणि त्या दिवशी पुरे करा.

वल्ह्याची लांबी आधी पाहा. तलावासाठी ते तुमच्या डोक्यापेक्षा साधारण वीतभर उंच असावं. फार लांब असेल तर प्रत्येक फटक्याला वरचा हात कानाच्या वर जातो, आणि तुमच्यासारखं पुढच्या बाजूचं दुखणं त्यातून येऊ शकतं. लाटांसाठी थोडं आखूड घेतात. पातं दांड्याला किंचित वाक देऊन जोडलेलं असतं. तो वाक बोर्डच्या नाकाकडे गेला पाहिजे. पळीसारखं पाणी ओढावं म्हणून माणूस ते उलटं धरतो, मीही धरत होतो. आणि पातं लहान घ्या. मोठ्या पात्याने प्रत्येक फटका जड होतो.

कमरेबद्दल मला वेगळाच संशय आहे. दिवसभर वाकून विळ्याने धान कापलं आणि संध्याकाळी तासभर बोर्डवर उभे राहिलात, तर कंबर एकाच दिवसात दोन पाळ्या करते. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत मी बोर्डला हातच लावत नाही. शेतीचं काम हा व्यायामच आहे, तो मोजा. अर्ध्या तासात मोकळी होणारी कंबर बहुतेकदा स्नायूंच्या थकव्याने आखडलेली असते, तिला चालणं बरं. पण कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पायातला जोर कमी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरता आली तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगांना सारखं दुखतं आणि हळूहळू जातं, त्याला घाबरू नका. दुखापत वेगळी: ती एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येते आणि बहुतेकदा कोणत्या क्षणी झाली तेही आठवतं. थोडे तंतू ताणले गेले असतील तर एक ते तीन आठवडे. बराच भाग फाटला असेल तर महिना-दोन महिने. आवाज होऊन काळंनिळं पडलं, स्नायूचा गोळा सरकलेला दिसला किंवा हात उचलताच येत नसेल तर घरी वाट पाहू नका.

पहिले दोन-तीन दिवस दुखरा भाग जपा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर दुखणं उतरतं, पण बर्फाने स्नायू लवकर भरून येत नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकट १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितली होती. पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती भरून येण्याला उशीर करू शकतात. या दिवसांत शेक, मालिश, बिब्बा, दारू काही नको. उपाशीपोटी किंवा उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्या मूत्रपिंडाला त्रास देतात. आणि गावात कुणी 'एका सुईत मोकळं करतो' म्हणालं, तर त्या सुईत काय आहे ते विचारल्याशिवाय दंड पुढे करू नका.

त्यानंतर मात्र हलवायला लागा. फाटलेल्या जागी नवे तंतू पहिल्या आठवड्यातच विणले जातात, पण ते अस्ताव्यस्त असतात. हलका, रोजचा ताण मिळाला तरच ते स्नायूच्या दिशेने रांगेत लागतात. पंधरा दिवस हात बांधून मी खांद्याला नेमकं हेच मिळू दिलं नाही.

मला दिलेला क्रम सांगतो. आधी भिंतीजवळ उभं राहून कोपर अंगाला चिकटवायचं, मनगट भिंतीवर बाहेरच्या बाजूला दाबायचं, हात जागचा हलू द्यायचा नाही. तीस-चाळीस सेकंद, पाच वेळा. चार-पाच दिवसांनी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली: कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणं, आणि दोन्ही हातांनी ट्यूब ओढून पाठीची पाती जवळ आणणं. पंधराचे तीन फेरे, एक दिवस आड. परत येताना ट्यूबला हात खेचू द्यायचा नाही, सावकाश सोडायचा. स्नायू खरा पक्का होतो तो या सावकाश सोडण्याने. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकं खाली येत असेल तर पुढे जायचं, नाहीतर एक पायरी मागे.

हात डोक्यावर विनादुखता गेला आणि दोन्ही खांद्यांची ताकद जवळजवळ सारखी वाटली, की पाण्यात उतरा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग एक दिवस सुटी, मग पंधरा. उतरण्याआधी पाच-सात मिनिटं अंग गरम करा: झपझप चालणं, हात गोल फिरवणं, काठीवर दोन्ही हात ठेवून कंबर डावी-उजवी वळवणं. थंड स्नायू धरून ताणत बसू नका, ते संध्याकाळी करा. शिंगाड्याच्या वेलांपासून आणि बुडालेल्या खुंटांपासून लांब राहा. बोर्डच्या तळाचा पंख (फिन) अडकला की बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढे जातो आणि पोटरी किंवा जांघ ताणली जाते. लाइफ जॅकेट घालाच.

मुल्कीसाठी खांद्याइतकीच पायांची तयारी लागेल. लाट पकडायला अचानक जोराचे फटके, मग गुडघ्यात वाकून झटकन वळणं. धानाच्या कोंड्याचं पोतं अर्धं भरून तोंड शिवा आणि त्यावर एका पायावर मिनिटभर उभे राहत जा. सोबत आठवड्यातून तीनदा सावकाश उठाबशा. पडताना बोर्डपासून लांब, पसरून पडा. हात सरळ करून अंग सावरायला जाऊ नका, आधीच दुखरा असलेला खांदा त्यात निखळू शकतो.

सहा आठवड्यांत तुम्ही तलावावर अर्धा तास न दुखता वल्हवू लागलात तर मुल्कीला जा, आणि पहिले दोन दिवस तिथल्या शिकवणाऱ्याबरोबर नदीच्या संथ पाण्यातच काढा. पण दोन आठवड्यांनीही हात वर नेताना खुपत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर तिकीट पुढे ढकला आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडून खांद्याची सोनोग्राफी करून घ्या.