वाफेच्या इंजिनाचा ब्रेक: लावण्यापेक्षा सोडणं अवघड

चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या चाकांना खेटून लोखंडी ठोकळे दिसले, आणि मुलाने विचारलं, "बाबा, एवढासा तुकडा एवढं मोठं धूड कसं थांबवतो?" तुम्हाला सांगता आलं नाही म्हणून इथे विचारलंत. सोबत आणखी तीन प्रश्न: त्या ठोकळ्याला जोर कुठून मिळतो, चाक झिजत नाही का, आणि ड्रायव्हर चाकं उलटी फिरवून गाडी थांबवायचे का.

मी शेडमध्ये फिटर म्हणून लागलो तेव्हा स्टीमची अखेरची वर्षं चालली होती, त्यामुळे या ठोकळ्यांशी माझी ओळख खालून आहे, पिटातून, म्हणजे रुळांखालच्या खड्ड्यातून. मुलाला आधी हे सांगा की त्याची शंका बरोबर आहे. तो तुकडा एकटा गाडी थांबवत नाहीच.

त्याला ब्रेक ब्लॉक म्हणतात. तो बिडाचा असतो आणि त्याचा आतला भाग चाकाच्या गोलाईला जुळेल असा ओतलेला असतो. हँगर नावाच्या लोंबत्या पट्टीवर तो टांगलेला असतो. समोरासमोरच्या दोन चाकांचे हँगर खाली आडव्या बीमने जोडलेले, बीम लांब पुलरॉडला, आणि पुलरॉड शेवटी एका जाड आडव्या शाफ्टवरच्या दांड्याला. हा शाफ्ट थोडा फिरला की पुलरॉड खेचला जातो आणि सगळे ब्लॉक एकदम चाकांवर बसतात. मधल्या तरफा अशा ठेवलेल्या असतात की प्रत्येक चाकाला जोर सारखा मिळावा. नाहीतर एक ब्लॉक सगळा भार घेतो आणि बाकीचे नुसते फिरायला आल्यासारखे लटकत राहतात.

ब्लॉक बदलणं हे नव्या पोराला दिलं जाणारं पहिलं काम. पिटात उतरायचं, अंगावर तेल आणि राख टपकत असते. टर्नबकल, म्हणजे पुलरॉडची लांबी कमीजास्त करणारी आट्यांची जोडणी, सैल करून पुलरॉडला ढील द्यायची. आमच्याकडच्या इंजिनांवर ब्लॉक पाचरीने अडकवलेला असे. ती गंजून घट्ट झालेली पाचर खालून वर ठोकायची, ब्लॉक निखळला की पाय वाचवायचा, नवा चढवायचा, पाचर मारायची आणि शेवटी टर्नबकल आवळून चाक आणि ब्लॉक यांच्यात जेमतेम बोटभर फट ठेवायची. फट जास्त राहिली तर शाफ्ट फिरवणाऱ्या पिस्टनची धाव सगळी फट मिटवण्यातच संपते आणि दाबायला काही उरत नाही. कमी राहिली तर ब्लॉक सतत घासत राहतो, इंजिन दमल्यासारखं ओढतं. आमचे मिस्त्री फट मोजायला काही वापरत नसत. बोट घालून बघत आणि "हां" म्हणत. त्या "हां" वर गाडी जायची.

आता जोर. शाफ्ट फिरवायला दोन वाटा होत्या. एक म्हणजे स्टीम ब्रेक: बॉयलरमधली वाफ सरळ ब्रेकच्या सिलिंडरमध्ये. आपल्या डब्ल्यूपी, म्हणजे ब्रॉडगेज प्रवासी गाड्यांच्या इंजिनाचा बॉयलर चौरस इंचाला 210 पौंड दाबाचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 14 किलोहून जास्त. 25 सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर धरला तरी पिस्टनवर जवळजवळ सात टन जोर येतो, आणि पुढे तरफा तो वाढवतात. दुसरा व्हॅक्यूम ब्रेक, आणि इथे गंमत आहे. गाडीभर एक पाईप असतो. इंजिनावरचा इजेक्टर वाफेच्या झोताने त्यातली हवा ओढून काढतो. प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वरही हवा नाही, खालीही नाही, म्हणून पिस्टन आपल्या वजनाने खाली बसलेला असतो आणि ब्रेक सुटलेला असतो. ड्रायव्हरने पाईपमध्ये हवा सोडली की ती फक्त पिस्टनच्या खाली शिरते. वरच्या बाजूला जाणारी वाट एक छोटी गोळी बंद करते. आता बाहेरची हवाच पिस्टनला वर ढकलते. 46 सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि गेजवर पाऱ्याचा 53 सेंटिमीटर व्हॅक्यूम, असा हिशोब केला तर जोर येतो सुमारे 1200 किलो. वाफेच्या मानाने अगदीच किरकोळ. म्हणूनच व्हॅक्यूमचे सिलिंडर पिंपाएवढे दिसतात.

इंजिनाला स्टीम ब्रेक आणि गाडीला व्हॅक्यूम, अशी जोडणी इंग्रजी पद्धतीच्या बऱ्याच इंजिनांवर असे. पाईपमधला व्हॅक्यूम उतरला, म्हणजे आत हवा शिरली, की एक व्हॉल्व्ह आपोआप इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ सोडतो. थंडीत सकाळी निघताना जुना ड्रायव्हर उभ्याउभ्याच दोन-तीनदा स्टीम ब्रेक लावून सोडायचा. सिलिंडर थंड असला की आत गेलेल्या वाफेचं पाणी होतं आणि ब्रेक उशिरा धरतो. आधी सिलिंडर तापवायचा, पाणी काढून टाकायचं, मग निघायचं.

पण मुलाच्या शंकेचं खरं उत्तर गणितात आहे. डब्ल्यूपी टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासकट, सुमारे 170 टन. मागे सोळा डबे म्हणजे आणखी साडेसहाशे टनांच्या आसपास. एकट्या इंजिनाच्या सहा मोठ्या चाकांनी हे थांबवायचं म्हटलं तर पुढचं स्टेशन कधीच मागे गेलं असेल. गाडी स्वतःला थांबवते, प्रत्येक डबा आपापल्या चाकांवर. इंजिनाने फक्त हुकूम द्यायचा आणि आपलं वजन आपण सांभाळायचं.

आणि नुसतं जोरात दाबूनही भागत नाही. 1878 मध्ये इंग्रज इंजिनिअर डग्लस गॅल्टन यांनी हवेच्या ब्रेकचे अमेरिकन संशोधक वेस्टिंगहाउस यांच्यासोबत इंग्लंडमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावर चालत्या गाडीवर प्रयोग केले. त्यातून कळलं की बिडाच्या ब्लॉकचं घर्षण वेगानुसार बदलतं. ताशी 60 मैलांना घर्षणांक सुमारे 0.07, 20 मैलांना 0.19, आणि चाक थांबायच्या बेताला 0.33. म्हणजे तोच ब्लॉक, तोच जोर, पण पकड वेग उतरेल तशी चौपटीहून वाढते. डब्ल्यूपीच्या एका मोठ्या चाकावर वजन साधारण 9 टन. ब्लॉक 6 टनांनी दाबला आहे असं धरा. भर वेगात चाकाला मिळणारा अडथळा जेमतेम 400 किलो. थांबायच्या वेळी तोच 2 टन. आता चाक रुळावर किती धरून राहील? कोरड्या रुळावर वजनाचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे सव्वादोन टन. निभावलं. रूळ ओला असेल तर एक टनाच्या आसपास. इथे ब्लॉक जिंकतो, रूळ हरतो, चाक जागीच अडकतं आणि इंजिन घसरगुंडीवरून जावं तसं सरकत जातं. अडकलेलं चाक फिरत्या चाकापेक्षा कमी थांबवतं, हेही गॅल्टन यांनी तेव्हाच मोजून दाखवलं.

म्हणून वेगात असताना ब्रेक भरपूर लावायचा आणि गाडी मंदावत आली की हळूहळू सोडत आणायचा. नवखा नेमकं उलटं करतो. सुरुवातीला भीतभीत लावतो, प्लॅटफॉर्म जवळ आला की घाबरून सगळा ओढतो.

आमच्या शेडमध्ये पहिल्या पावसाच्या एका सकाळी असंच एक इंजिन आलं. ते यार्डात शिरतानाच आवाज ऐकू आला, धब् धब् धब्, कुणीतरी जात्यात दगड टाकल्यासारखा. पिटावर घेतलं तर सहाही मोठ्या चाकांवर तळहाताएवढा चकचकीत चपटा डाग, कडांना निळसर झाक. सहाही का? कारण ती सगळी दांड्यांनी एकमेकांना बांधलेली. एक अडकलं की सगळी अडकतात. इंजिन कामावरून काढलं आणि चाकं खराद मशीनवर गेली. ड्रायव्हर मुकाट उभा होता. मिस्त्रींनी त्या डागावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "सोडायचा राहिला."

चाक झिजतं का? झिजतं, पण ब्लॉक आधी झिजतो, आणि तो तसाच ठरवलेला असतो. बीड मऊ, स्वस्त, बदलायला सोपं. चाकाच्या कडेला पोलादी टायर असतं. ते तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि थंड होताना ते आवळून बसतं. खरी भीती झिजेची नाही, तापण्याची. लांब उतारावर ब्लॉक सारखा घासत राहिला तर टायर तापून पुन्हा फुगतं आणि चाकावर सैल पडतं. म्हणून चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर मिस्त्रींना हाक मारायची.

उतारावरून घाट आठवला. 1863 मध्ये सुरू झालेला बोरघाट 37 ला 1 चढाचा, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर, आणि 25 किलोमीटरचा. तिथे त्या काळी गाडीभर ब्रेक नव्हताच. इंजिनाचा, ब्रेकव्हॅनचा आणि ब्रेकवाल्यांच्या हातांचा, एवढ्यावर सगळं. घाटासाठी आणलेल्या टँक इंजिनांवर स्लेज ब्रेकही होते, म्हणजे चाकाला न धरता रुळावरच दाबायचा जोडा. कागदावर छान, पण जोडा रुळावर दाबला की चाकांवरचं वजन कमी होतं, आणि सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलायच्या जागी, तो अडकायची धास्ती. 1869 मध्ये घाट उतरणारी एक गाडी आवरली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडीची दिशा उलटी करायची जागा, ओलांडून कोसळली. कॅच सायडिंगची युक्ती अशाच गाड्यांसाठी: उतारावरून फुटलेली उलट्या चढाची वाट, सांधा कायम तिकडेच लावलेला. गाडी ताब्यात आहे हे दाखवल्याशिवाय सरळ वाट मिळायचीच नाही.

माथेरानच्या छोट्या गाडीत तर जुन्या पद्धतीचा ब्रेक अगदी अलीकडेपर्यंत डोळ्यांनी बघता येत होता. 20 ला 1 असा उतार, आणि डब्यांवर ब्रेक्समन बसलेले. इंजिनाची शिट्टी झाली की प्रत्येकाने आपापलं चाक फिरवून डब्याचा ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा. कान तयार हवा. एकाने उशीर केला तर त्याचा डबा पुढच्याला ढोसतो. लहानपणी नेरळहून जाताना मी डोंगराकडे कमी आणि त्या माणसाच्या मनगटाकडे जास्त बघत बसायचो.

व्हॅक्यूमची उलटी रचना, म्हणजे हवा काढली की ब्रेक सुटणार, ती का? 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची एक गाडी चढावर अडकली. मागचे डबे तोडून ठेवले, चाकांमागे दगड लावले. पुढच्या भागाला जरासा धक्का बसला आणि मागचे डबे उतारावरून निघाले, खालून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. त्या गाडीतही व्हॅक्यूम ब्रेकच होता, पण साधा: पाईप तुटला की ब्रेक संपला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की प्रवासी गाडीला आपोआप लागणाराच ब्रेक हवा. आता पाईप तुटला की हवा आत घुसते आणि दोन्ही तुकडे आपापले थांबतात.

चाकं उलटी फिरवण्याबद्दल. अडचणीत ड्रायव्हर रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाची पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा, उलटा टाकत, हे खरं. पण चाकं लगेच उलटी फिरत नाहीत. सिलिंडर पंपासारखा उलट ओढू लागतो आणि चिमणीखालून गरम धूर आणि राख आत खेचतो. तेल जळतं, पिस्टन कोरडा घासतो. 1860 च्या दशकात फ्रेंच इंजिनिअर ल शातेलिए यांनी त्यात बॉयलरचं गरम पाणी सोडायची युक्ती काढली, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढली जाते. स्विस इंजिनिअर रिगेनबाख यांनी स्वच्छ हवा ओढून दाबायची पद्धत आणली आणि डोंगरी दातेरी रुळांवर ती चांगली चालली. आपल्याकडे सपाटीवर रिव्हर्सर म्हणजे शेवटचा उपाय, आणि नंतर फिटरांच्या शिव्या.

टेंडरवरचं हाताने फिरवायचं चाक पाहिलंत ना, तो हँडब्रेक, उभं इंजिन धरून ठेवायला. एकदा रात्री शेडमध्ये एक इंजिन कुणी नसताना दोन हात पुढे सरकलं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह, जरा गळत होता, वाफ सिलिंडरमध्ये साठत गेली, हँडब्रेक अर्धवट आवळलेला. त्या रात्रीपासून रिव्हर्सर मधोमध, सिलिंडर कॉक, म्हणजे सिलिंडरमधली वाफ-पाणी बाहेर सोडणाऱ्या तोट्या, उघडे, हँडब्रेक गच्च, आणि वर चाकाखाली लाकडी गुटका, एवढं झाल्याशिवाय आम्ही कुणी चहाला जात नव्हतो.

पुन्हा गेलात तर मुलाला चाकापासून नाही, आडव्या शाफ्टपासून दाखवायला सुरुवात करा. तिथून दांडा, दांड्यापासून पुलरॉड, असं बोटाने पुढे पुढे जा. ब्लॉक आणि चाक यांच्या फटीत त्याला बोट घालायला सांगा. बोट अडकत नसेल आणि सैलही वाटत नसेल, तर तो ब्लॉक बसवणारा माणूस कामाचा होता.