वर्कशॉपला कूलर, एसी की नुसता पंखा?

पडवी बंद करून 12 बाय 15 ची सुतारकामाची खोली केली आहे, वर सिमेंटचे पत्रे. सोलापूरचा भाऊ म्हणतो, कूलर घे. घेऊ का? (मालवण)

नको. कूलर चालतो बाष्पीभवनावर, त्याला कोरडी हवा लागते. ती सोलापुरात आहे. मालवणात मे महिन्यातही हवा ओलीच. कूलर तीत आणखी पाणी भरणार. लाकूड फुगेल, पात्यांना गंज चढेल आणि घाम काही सुकणार नाही.

पहिला खर्च छतावर करा. पत्र्याखाली इन्सुलेशन घालून फॉल्स सीलिंग केलंत, तर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पुरे. (एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद.) दुकानदार दोन टनाचा गळ्यात मारेल. ऐकू नका. मोठा एसी खोली झटकन गार करून मंदावतो, हवेतली ओल मात्र तशीच राहते. सँडर चालू असताना एसी बंद, एक्झॉस्ट चालू. नाहीतर फिल्टरवर भुशाची गोधडी बसते.

घर किनाऱ्यालगत आहे. आउटडोअर युनिटची जाळी दोन वर्षांत सडली. (रत्नागिरी)

खारं वारं, दुसरं काय! तांब्याची नळी, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि मध्ये मिठाची ओल, की ॲल्युमिनियम खायला सुरुवात. नवीन घेताना गंजरोधक कोटिंग असलेली कॉइल मागा, युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका आणि अधूनमधून वीज बंद करून कॉइल गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा.

लाकडी खेळणी रंगवतो. पावसात रंग वाळत नाही. हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का? (सावंतवाडी)

आपल्याकडच्या थंडीला हीटर कशाला? तुमची अडचण ओलीची आहे. डीह्युमिडिफायर घ्या, हवेतली ओल मोजणारा छोटा मीटर भिंतीला लावा आणि आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांवर ठेवा. ओढलेलं पाणी टाकीत जमतं आणि मशीनची ऊब खोलीतच राहते, तीही रंगाच्या कामी येते. मात्र रंग थिनरचा असेल तर आधी वाफ एक्झॉस्टने बाहेर जाऊ द्या, मगच दार लावून मशीन सुरू करा. गॅसचा हीटर तर नकोच: गॅस जळताना पाण्याची वाफ होते, म्हणजे ओल वाढणार, शिवाय थिनरजवळ ज्योत!

उघड्या शेडमध्ये वेल्डिंग करतो. (देवगड)

पंखा. गॅस शील्डचं वेल्डिंग (जोडाभोवती गॅसचं कवच धरणारं) असेल तर वारा थेट जोडावर येऊ देऊ नका.