चिमलेला गहू आणि प्रथिनांच्या पाठराखिणी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचं रान शिरोळ तालुक्यात, काळी जमीन. यंदा उसाची तोड लांबली, खोडवा मोडून गहू पेरायला २२ डिसेंबर उजाडला. शेजारच्यानं त्याच दुकानातनं तेच बियाणं आणून १२ नोव्हेंबरला पेरलं होतं. त्याचा दाणा टपोरा, आमचा चिमून गेला. पोरगा म्हणतो, उन्हानं गव्हाचे जीन्स बिघडलेत, हे बी परत पेरू नका. मंडळी म्हणतात, कणीक सैल पडते, चपाती तुटते. खरं काय समजायचं? सोबत दोन पुड्या पाठवल्यात.
— एक शेतकरी, ता. शिरोळ

उत्तर : दादा, पुड्या पोचल्या. ‘आमचा’ आणि ‘त्याचा’ असं वर लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर आमच्या घरी त्यांचा एकत्र शिरा झाला असता. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून मी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडं नेले. सोन्याच्या काट्यावर गहू बघून तो हसला, पण वजन करून दिलं. शेजाऱ्याचे भरले ४.१ ग्रॅम, तुमचे २.८. म्हणजे दाणे तेवढेच धरले तरी पोत्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. मग एकेक दाणा ब्लेडनं आडवा कापून भिंगाखाली धरला. तुमच्या दाण्याची पोटावरची खाच खोल गेलीय, सालीला सुरकुत्या पडल्यात, आतला पांढरा पिठूळ भाग आक्रसलाय. कोंडा मात्र आहे तेवढाच आहे.

आता पोराचं म्हणणं. जीन्स, म्हणजे जनुकं, बिघडली नाहीत. पोथी तीच आहे. ऊन तापल्यावर त्यातला कुठला अध्याय वाचायचा, ते बदललं. हे पहिल्यांदा दिसलं गव्हात नाही, माशीत. इटलीतले फेरुचो रिटोसा फळमाशीवर काम करत होते. त्यांच्या उबवणी पेटीचं तापमान कुणीतरी नकळत वाढवून ठेवलं आणि अळीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे आले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक जोरात वाचलं जातंय. हे त्यांनी १९६२ साली छापलं. पुढं कळलं की उष्णतेत ठरावीक जनुकं जोरात वाचायची ही सोय माणसात आहे, गव्हात आहे, साध्या जिवाणूतसुद्धा आहे.

ती चालते कशी? प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेलं लुगडं समजा. उष्णता वाढली की घडी सुटते आणि सुटलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून गोळा होतात, अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर होतो तसा. ते होऊ नये म्हणून पेशीत काही प्रथिनं दुसऱ्यांना धरून राहतात, सावरतात. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ना, तसंच हे काम. यांना एचएसपी, म्हणजे उष्णतेच्या धक्क्यात वाढणारी प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन), म्हणतात. एकीचं नाव एचएसपी-७०, एकीचं एचएसपी-९०. एचएसपी-१०१ तर झालेला गुंता ओढून सोडवते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढं आहे. या पाठराखिणींची जनुकं चालू करणारं एक वेगळं प्रथिन असतं. गारव्याच्या दिवसांत त्याचा हात याच पाठराखिणी धरून बसलेल्या असतात. ऊन तापलं, घड्या सुटायला लागल्या, की पाठराखिणी त्याला सोडून तिकडं धावतात. हात मोकळा झाला की ते केंद्रकात जातं, जनुकांच्या दारात ठरलेल्या जागी बसतं आणि आणखी पाठराखिणी तयार करायला लावतं. त्या पुरेशा झाल्या की पुन्हा त्याचा हात धरतात. वेगळा मुकादम नेमायची गरजच नाही! अशी चालू करणारी प्रथिनं बनवणारी जनुकं भातात २५ आहेत. आपल्या चपातीच्या गव्हात तीन गवतांचे जनुकसंच एकत्र आलेत, गुणसूत्रं ४२, त्यामुळं त्याच्यात तर पन्नासाच्या वर.

एवढी फौज असून दाणा का चिमला, असं विचाराल. कारण ही फौज झाड जगवते, पोतं भरायची जबाबदारी तिची नाही. दाण्यात साखरेपासून पीठ, म्हणजे स्टार्च, बनवणारी जी विकरं (एन्झाइम) असतात, त्यातलं एक फार नाजूक. आपल्याला जी हवा नुसती उबदार वाटते, पंचवीस अंशांच्या वरची, तिच्यातच ते मंदावायला लागतं. शिवाय उष्णतेनं झाड घाई करतं, पान लवकर पिकतं आणि दाणा भरायचे दिवसच कमी होतात. शेजाऱ्याचा गहू जानेवारीच्या थंडीत फुलला. तुमचा फुलला फेब्रुवारी सरताना आणि भरायला बसला मार्चच्या उन्हात. बियाणं एक, दुकान एक. फरक चाळीस दिवसांचा. मार्च २०२२ मध्ये उत्तरेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं आणि त्याच वर्षी १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

वहिनींचं निरीक्षण तर माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा नेमकं आहे. दाणा भरताना कडक ऊन लागलं की पीठ कमी साठतं, पण प्रथिनं त्या मानानं साठतच राहतात. त्यातही कणकेला ताण देणारी कमी आणि सैल करणारी जास्त, असं प्रमाण होतं. म्हणून कणीक धरत नाही. थोडं कमी पाणी घालून मळायला सांगा, किंवा जुना गहू मिसळून दळा.

बी पेरायचं का? वाण म्हणून पेरायला हरकत नाही. गहू स्वतःच्याच परागावर धरतो, उन्हानं त्याची जात बदलत नाही. पण चिमलेल्या दाण्यात कोंबाला शिदोरी कमी, म्हणून चाळून टपोरे तेवढे घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. पंच्याऐंशीच्या खाली आली तर सरळ गिरणीत द्या. आणि पुढच्या वर्षी तोड परत लांबली तर निफाडचा एनआयएडब्ल्यू-३४ हा गव्हाचा वाण बघा, तो उशिराच्या पेरणीसाठीच आहे. तोही डिसेंबरच्या मध्यापर्यंतच. कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी कधी येणार, हे मात्र माझ्या सदराच्या बाहेरचं.

प्रश्न : उन्हाळी भाताच्या लोंब्या ताठ उभ्या, दाबून बघितलं तर दाणे पोचट. खत-पाणी सगळं वेळेवर होतं. रोग म्हणायचा का?
— एक भगिनी, ता. आजरा

उत्तर : ताई, दाण्यात वजन नाही म्हणून लोंबी वाकली नाही. रोगाची खूण पानावर, पेरावर दिसत नसेल तर मला संशय उन्हाचाच आहे. भाताचं फूल सकाळी दहा-अकराच्या सुमाराला तासभर उघडतं. दोन साली फाकतात, सहा पिवळे परागकोश बाहेर लोंबतात, फुटतात, पराग पडतो आणि साली मिटतात. त्या तासात पारा पस्तीसच्या पुढं असेल तर कोश नीट फुटत नाही, पडलेला पराग रुजत नाही. वर सांगितलेली पाठराखिणींची व्यवस्था पानात जोरात चालते, परागकणात फारच लुळी. म्हणून झाड हिरवंगार आणि दाणा पोकळ.

शास्त्रज्ञ दोन वाटांनी याच्या मागे आहेत. एक, झाडच कणखर करायचं. उत्तर प्रदेशातला नगीना-२२ हा जुना वाण त्यासाठी जगभर वापरतात. आफ्रिकेतल्या भातातलं एक जनुकही २०१५ साली सापडलं, ते सुटलेल्या प्रथिनांचा कचरा झटपट साफ करतं. दुसरी वाट मला जास्त हुशारीची वाटते : रानभातातून असा जनुकाचा तुकडा आणलाय की फूल पहाटेच्या गारव्यातच उघडून मोकळं होतं. यातलं काही तुमच्या दुकानात मिळेल म्हणून थांबू नका. पुढच्या खेपेला रोप लवकर टाका, म्हणजे फुलोरा एप्रिलच्या शेवटापर्यंत जाणार नाही. फुलोऱ्यात बांधात पाणी धरून ठेवा. आणि सकाळी नऊ ते दुपारी बारा त्या वाफ्यात फवारणीचा पंप नेऊ नका.